रिंगणातील नाव

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागात हार्लेम नावाची एक जुनी वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथे उन्हाळ्याच्या संध्याकाळी एक दृश्य हमखास पाहावयास मिळे. विटांच्या उंच घरांपुढील पायऱ्यांवर वडीलधारी माणसे गप्पा मारीत बसलेली असत आणि समोरच्या पदपथावर आठ-दहा कृष्णवर्णीय मुलींचा मेळा जमलेला असे. खेळाचे साहित्य म्हणजे कोणाच्या तरी घरची कपडे वाळत घालण्याची लांब दोरी. ती मधोमध दुमडली, की एकीच्या दोन दोऱ्या होत. दोन मुली काही अंतरावर समोरासमोर उभ्या राहत आणि त्या दोन्ही दोऱ्या परस्परविरुद्ध दिशांनी फिरवू लागत. एक दोरी जमिनीवर आपटे, तेव्हा दुसरी डोक्यावर असे. पदपथावर टप-टप, टप-टप असा अखंड ठेका सुरू होई. मग तिसरी मुलगी पुढे येई. ती लगेच उडी घेत नसे. क्षणभर बाजूला उभी राहून ती अंग मागेपुढे झुलवी, दोऱ्यांचा ठेका आपल्या अंगात उतरू देई आणि नेमक्या क्षणी आत शिरे. ती आत शिरली, की साऱ्याजणी एका सुरात गाऊ लागत.

ह्या खेळाला 'डबल डच' असे नाव आहे. पाहणाऱ्याला तो पायांचा खेळ वाटतो. परंतु त्यात पायांइतकेच काम कानांना असते. दोऱ्यांकडे नुसते पाहत राहिले, तर पाय अडकलाच म्हणून समजावे. ठेका ऐकूनच उडी घ्यावी लागते आणि तोंडाने गाणे म्हणत ती टिकवावी लागते. पाळी संपेपर्यंत गाणे थांबत नाही.

कृष्णवर्णीय अमेरिकन मुलींचे असे खेळ पुष्कळ आहेत. काही खेळांत दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या हातांवर टाळ्या देतात आणि टाळ्यांबरोबर लांबलचक गाणी म्हणतात. आपल्याकडील झिम्मा ज्या मुलीने खेळला आहे, तिला ह्या टाळ्यांची गोडी समजावून सांगावी लागणार नाही. मात्र एक फरक तिच्या कानाला लगेच जाणवेल. चार मात्रांच्या आवर्तनात जोर पहिल्या मात्रेवर असावा, अशी आपली अपेक्षा असते. ह्या मुली पुष्कळदा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देतात. शब्द एका वाटेने जातात, टाळ्या दुसऱ्या वाटेने, पाय तिसऱ्याच वाटेने. आणि तरीही सारे एकत्र नांदते. जॅझ, ब्लूज इत्यादी ज्या संगीताने पुढे जगाला वेड लावले, त्याच्या लयीची खूण हीच आहे.

आणखी एका प्रकारच्या खेळात मुली रिंगण धरतात. एक मुलगी मध्ये उभी राहते. रिंगण तिला गाण्यातूनच हाक देते. ती आपले नाव सांगते आणि स्वतःची अशी एखादी हालचाल करून दाखविते. कोणी खांदे उडवील, कोणी गिरकी घेईल, कोणी एका पायावर डोलेल. लगेच सारे रिंगण तिच्यामागून तीच हालचाल करते. मग दुसरीची पाळी येते. गाणे कोणी रचले हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नसते. ते सर्वांचेच असते. परंतु मधली हालचाल जिची असेल तिचीच असते आणि तिच्या नावासकट ती मैत्रिणींच्या ध्यानात राहते. पुढे जे सांगावयाचे आहे, त्यासाठी रिंगणाची ही रीत लक्षात ठेवली पाहिजे.

'हा तर पोरखेळ, ह्यात संगीत ते कसले?' असे म्हणणारे लोक पुष्कळ होते. कृष्णवर्णीयांच्या संगीतावर अमेरिकेत मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले. त्यांत नामांकित गवयांची आणि वादकांची चरित्रे आली, त्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या आल्या. दारासमोर खेळणाऱ्या मुलींकडे मात्र फारच थोड्यांनी वळून पाहिले. कायरा गाँट ह्या विदुषीने हे काम हाती घेतले. त्या स्वतः कृष्णवर्णीय असून संगीताच्या अभ्यासक आहेत. २००६ साली त्यांचा 'द गेम्स ब्लॅक गर्ल्स प्ले' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे, की वादक ज्याप्रमाणे बोटांना वळण लागावे म्हणून रोज पलटे घोटतो, त्याचप्रमाणे ह्या मुली खेळता खेळता आपल्या समाजाच्या संगीताचे पलटे घोटीत असतात. ना गुरू, ना वाद्य, ना वही. आठ-नऊ वर्षांची मुलगी आपल्या थोरल्या बहिणीकडून किंवा शाळेतल्या मैत्रिणीकडून ते शिकते आणि दोन-तीन वर्षांतच धाकटीला शिकवू लागते. संगीत-विद्यालयात ज्याला लयकारी म्हणून आदराने शिकवितात, ते ह्या मुली मधल्या सुटीत शिकत होत्या, एवढेच.

हे संगीत वाद्यावाचून का वाढले, हेही पाहण्यासारखे आहे. १७३९ साली साउथ कॅरोलिना ह्या इंग्रजांच्या वसाहतीत स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड पुकारले. ढोल वाजवीत ते पुढे निघाले होते. बंड मोडण्यात आले आणि १७४० साली वसाहतीने एक कठोर कायदा केला. गुलामांनी ढोल, शिंगे ह्यांसारखी वाद्ये बाळगू नयेत, असे त्यात एक कलम होते. ढोलाचा आवाज दूरवर जातो आणि त्यावरून इशारे देता येतात, ही मालकांची भीती. वाद्ये गेली, पण हात, पाय, मांड्या, छाती ही काही कायद्याने काढून घेता येत नव्हती. अंगाचेच वाद्य करण्याची कला त्यांच्या आफ्रिकेतील पूर्वजांना ठाऊक होती. तीच आता बहरास आली. तिला 'जूबा' असे म्हणत.

सॉलोमन नॉर्थप ह्या गृहस्थांनी तिचे वर्णन लिहून ठेविले आहे. ते न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र नागरिक आणि उत्तम व्हायोलिनवादक होते. १८४१ साली त्यांना फसवून पळवून नेले आणि गुलाम म्हणून विकले. बारा वर्षांनी सुटका झाल्यावर, १८५३ साली त्यांनी आपली हकीकत प्रसिद्ध केली. व्हायोलिन थांबले, तरी गुलामांचा नाच थांबत नसे, असे ते सांगतात. गुडघ्यांवर थाप, मग टाळी, मग खांद्यांवर थाप आणि पायांनी ताल धरून तोंडाने गाणे, असा तो प्रकार असे. मुलींच्या टाळ्यांच्या खेळात आजही हाच क्रम निरनिराळ्या रूपांनी सापडतो.

ह्या परंपरेचा धागा हातात धरून बसलेली एक थोर स्त्री म्हणजे बेसी जोन्स. त्यांचा जन्म १९०२ साली जॉर्जिया राज्यात झाला. त्यांचे आजोबा पूर्वी गुलाम होते. त्यांच्याकडून आणि घरातील इतर वडीलमंडळींकडून बेसींनी कितीतरी गाणी, कोडी आणि खेळ उचलले. पुढे जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतच्या सेंट सायमन्स बेटावर त्या राहत असत. १९७२ साली बेस लोमॅक्स हॉज ह्यांच्या साहाय्याने त्यांनी हे खेळ 'स्टेप इट डाउन' ह्या पुस्तकात नोंदविले. टाळी म्हणजे केवळ टाळी नव्हे, हे त्या आग्रहाने सांगत. त्यांच्याकडे टाळीचे तीन सूर होते. तळहात खोलगट करून वाजविले, की खर्जातला घुमारा येतो. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या तळव्यावर मारली, की तारेतला कडक आवाज येतो. तिसरी टाळी ह्या दोहोंच्या मधली. तीन माणसांनी तीन तऱ्हेच्या टाळ्या धरल्या, की ढोलाची उणीव भासत नाही. ज्याला हे खरे वाटत नसेल, त्याने दोन मित्रांना हाताशी धरून पाहावे.

असे हे गल्लीतले धन. त्याला कुलूप नव्हते, आणि म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यातून हवे ते उचलले. १९६३ साली मेम्फिसचे गायक रूफस टॉमस ह्यांचे 'वॉकिंग द डॉग' हे गीत गाजले. त्यात मुलींच्या टाळ्यांच्या खेळातील शब्द होते. १९६५ साली शर्ली एलिस ह्या गायिकेचे 'द क्लॅपिंग साँग' घरोघरी ऐकू येऊ लागले. तेही खेळातूनच आलेले. २००० साली सेंट लुइस शहरातील नेली ह्या रॅप गायकाचे 'कंट्री ग्रामर' देशभर वाजले आणि त्याचे पालुपद ऐकताच कृष्णवर्णीय मुलींनी ते ओळखले. कारण त्याच चालीवर त्या शाळेच्या अंगणात टाळ्या देत आल्या होत्या. अर्थात देवघेव दोन्ही बाजूंनी होती, हे मान्य केले पाहिजे. मुलीही आकाशवाणीवर ऐकलेले 'रॉकिन रॉबिन'सारखे गीत खेळात आणीत आणि आपल्या पद्धतीने त्याला नवे हातपाय फोडीत. फरक होता तो हिशेबात. ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे नाव छापलेले असे आणि विक्रीचा वाटा त्याला मिळे. मुलींच्या खेळाला तसे नाव नव्हते.

दोरीच्या खेळाचे भाग्य थोडे निराळे निघाले. १९७३ साली डेव्हिड वॉकर आणि युलिसिस विल्यम्स ह्या न्यूयॉर्कच्या दोन पोलीस अधिकाऱ्यांनी 'डबल डच'ला नियम घालून स्पर्धेचे रूप दिले. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी पहिली स्पर्धा झाली, तेव्हा सुमारे सहाशे विद्यार्थी उतरले होते. २००९ साली न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी त्याला आपल्या क्रीडासामन्यांत स्थान दिले. मान मिळाला, हे उत्तम झाले. मात्र स्पर्धेत पंच पावले मोजतात आणि कसरती पाहतात. गाण्याला गुण नसतात.

२००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत चित्रे घेणारा फोन मुलांच्या हाती आला. आता पदपथावर जे चालत होते, ते घरातल्या खोलीत चालू लागले. फोन टेबलावर टेकवून ठेवावा, गाणे लावावे, नाचावे आणि ती चित्रफीत मैत्रिणींनी पाहावी म्हणून इंटरनेटवर ठेवावी. मुलीच्या मनात रिंगण तेच होते: आज मी मध्ये आहे, उद्या तू ये. परंतु रिंगणाच्या कडेला कोण उभे आहे, हे आता तिला दिसत नव्हते. पदपथावर पायऱ्यांवर बसलेली आजी होती, समोरचा दुकानदार होता. कोणी परका माणूस वाकडे बोलला, तर त्याला दटावणारे चार लोक जवळ होते. खोलीतल्या फोनपलीकडे जगातले कोणीही असू शकते. कायरा गाँट ह्यांनी कृष्णवर्णीय मुलींच्या अशा चित्रफितींचा पुढे अभ्यास केला. वर्गमैत्रिणींसाठी केलेल्या नाचाखाली अनोळखी प्रौढांनी लिहिलेले अभद्र शेरे त्यांच्या दृष्टीस पडले. मुलीच्या वर्णावरून आणि शरीरावरून तिची चेष्टा करणारेही होते. जो नाच तिच्या मावश्या-आत्यांनी घरच्या समारंभात टाळ्या वाजवून पाहिला असता, त्याच नाचावरून परके लोक तिच्याविषयी वाईट मत बनवीत होते.

शिवाय जुना हिशेब येथेही चुकला नाही. यूट्यूबने २००७ साली एक यंत्रणा सुरू केली. कोणत्याही चित्रफितीत वाजणारे गाणे ती आपोआप ओळखते आणि गाण्याच्या मालकाला कळविते. मालकाची इच्छा असेल, तर त्या चित्रफितीवरील जाहिरातींचे उत्पन्न त्याच्याकडे जाते. मुलीने स्वतः बसविलेला नाच हजारो लोकांनी पाहिला, तरी यंत्राला त्यात ओळखू येते ते केवळ गाणे. नाच कोणाचा, हा प्रश्न त्याला पडतच नाही. कायद्याचीही फारशी मदत नाही. अमेरिकेत नृत्यरचनेला स्वामित्वहक्क मिळतो खरा. परंतु चार पावलांच्या लहानशा नाचाला तो मिळत नाही.

मुलांच्या रक्षणासाठी मात्र काही पावले टाकली गेली. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीवाचून गोळा करू नये, असा कायदा अमेरिकेने १९९८ सालीच केला होता. तो मोडल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये गुगल व यूट्यूब ह्यांनी सतरा कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत यूट्यूबने लहान मुलांच्या कोट्यवधी चित्रफितींखालील शेरे लिहिण्याची सोय बंद केली. अभद्र शेरे त्यामुळे थांबले. मैत्रिणींचे कौतुकाचे दोन शब्दही त्याबरोबर गेले.

ह्याच वर्षी जलाया हार्मन हिची गोष्ट घडली. जलाया ही जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराजवळ राहणारी चौदा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. शाळा सुटल्यावर ती नृत्यवर्गाला जाई. सप्टेंबर २०१९ मध्ये एके दिवशी शाळेतून आल्यावर, के. कॅम्प ह्या गायकाच्या 'लॉटरी' ह्या गीतावर तिने एक नाच बसविला. हाताचे वेगवान फटकारे, कमरेचा झोक, मध्येच टाळी, असा तो चांगलाच अवघड नाच होता. तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने तो करून इन्स्टाग्रामवर ठेविला. नाचाचे नाव 'रेनेगेड'.

महिन्याभरात कोणीतरी तो टिकटॉक ह्या दुसऱ्या ॲपवर नेला. (भारत सरकारने जून २०२० मध्ये ह्या ॲपवर बंदी घातली, अमेरिकेत ते तेव्हा भरात होते.) तेथे लाखो चाहते असलेल्या एका श्वेतवर्णीय मुलीने तो केला आणि मग त्याला ऊत आला. शाळकरी मुले, नट, गायक, खेळाडू, जो तो 'रेनेगेड' करू लागला. ज्यांनी तो केला, त्यांतील बहुतेकांना तो कोणाचा हे ठाऊकच नव्हते. त्यांना चोर म्हणणे न्यायाचे होणार नाही. पण जलायाची अवस्था काय झाली असेल, ती कल्पनेने जाणावी. तिची हालचाल साऱ्या देशाचे रिंगण करीत होते आणि मध्ये नाव दुसरीचे होते. तिने लोकांच्या चित्रफितींखाली लिहून पाहिले, की हा नाच माझा आहे, माझे नाव जोडा. बहुतेकांनी दुर्लक्ष केले. काहींनी थट्टा केली.

जलाया ज्या मुलामुलींत वाढली, त्यांच्यात इंटरनेटवरही एक रीत होती. दुसऱ्याचा नाच केला, तर खाली त्याचे नाव लिहावयाचे आणि त्यापूर्वी 'डी. सी.' ही दोन अक्षरे घालावयाची. नाचाचे श्रेय अमक्याचे, असा त्याचा अर्थ. कोणी कायदा केला नव्हता, की कोणी दंड करीत नव्हते. रिंगणाची जुनी रीतच मुलांनी नव्या जागी नेली होती. टिकटॉकवरील गाजलेल्या मंडळींत ती रीत तेव्हा रुळलेली नव्हती आणि जलायाचे नाव वाटेत गळाले ते तेथेच.

फेब्रुवारी २०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' ह्या वृत्तपत्राने तिची मुलाखत छापून नाचाची खरी जननी कोण ते जगापुढे आणले. गायक के. कॅम्प ह्यांनी तिचे जाहीर आभार मानले. ज्या मुलीमुळे नाच पसरला, तिनेही जलायाचे श्रेय मान्य केले आणि दोघी एकत्र नाचल्या. त्याच महिन्यात शिकागो येथे बास्केटबॉलचा वार्षिक मोठा सामना होता. तेथे जलायाला बोलावणे आले आणि हजारो प्रेक्षकांसमोर तिने आपला 'रेनेगेड' करून दाखविला.

त्यानंतरही असे प्रकार घडतच राहिले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका तरुणीने इंटरनेटवर गाजलेले आठ नाच करून दाखविले. ते कोणी बसविले, ह्याचा उल्लेख त्या वेळी तोंडाने झाला नाही. नाच बसविणाऱ्यांपैकी अनेकजण कृष्णवर्णीय तरुण-तरुणी होते. प्रेक्षकांनी नापसंती व्यक्त केली. ह्या वेळी मात्र फार वाट पाहावी लागली नाही. एप्रिलच्या आरंभी त्याच कार्यक्रमाच्या सूत्रधाराने मूळ रचनाकारांना पाचारण केले. साथीचा रोग चालू असल्यामुळे ती मंडळी आपापल्या घरूनच पडद्यावर आली. त्यांत 'अप' ह्या गीतावरील नाच बसविणारी मिया जॉन्सन आणि तिचा जोडीदार ख्रिस कॉटर ही दोघेही होती. ह्या खेपेस प्रत्येकाचे नाव घेण्यात आले आणि मग ज्याने त्याने आपापला नाच केला.